चुन्याखालचा ख्रिस्त : वेल्समधील एका रिकाम्या चर्चची कथा



‘चर्च म्हणजे काय?’ असे धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले की मुले एका सुरात सांगतात, ‘चर्च म्हणजे आपण सारे.’ उत्तर बरोबर आहे आणि ते आम्हीच त्यांना शिकवले आहे. पण त्या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. ‘आपण सारे’ निघून गेलो, तर मागे दगडमातीचे जे उरते त्याला काय म्हणावे? नुसत्या भिंती? की आणखी काही? युरोपात आज हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या सांस्कृतिक मंडळाने वापरात नसलेल्या चर्चवास्तूंचे काय करावे, यावर रोममध्ये खास परिषद भरवली होती. या लेखात आपण अशाच एका वास्तूचा अभ्यास करू. ती लहानशी आहे, मध्ययुगीन आहे, वेल्समधली आहे आणि आपल्या मूळ जागेवर ती आता उभी नाही.

वेल्स हा ग्रेट ब्रिटन बेटाचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. इंग्लंडला लागून असला तरी त्याची भाषा वेगळी आणि त्याचे संतही वेगळे. दक्षिण वेल्समध्ये स्वान्झी शहराच्या वायव्येला लखर नावाची नदी आहे. भरतीचे पाणी तिच्या पात्रातून बरेच आत चढते, त्यामुळे काठची जमीन सखल आणि दलदलीची. खाडीकाठी वाढलेल्या आपल्या मंडळींना हे चित्र समजावून सांगायला नको. या काठावर, पोंतारदुलाइस गावाजवळ, संत तैलो यांच्या नावाचे चर्च होते. जागेचे नाव लानदैलो तालिबोंत. वेल्श भाषेत ‘लान’ म्हणजे कुंपण घातलेली पवित्र जागा आणि पुढे त्याचाच अर्थ चर्च असा झाला. ‘लान’ला ‘तैलो’ जोडले की ‘त’चा ‘द’ होतो, आपल्याकडे संधी होतो तसा. ‘तालिबोंत’ म्हणजे पुलाचे टोक. पुलाच्या टोकाशी असलेले संत तैलोचे चर्च, एवढा साधा अर्थ त्या लांबलचक नावाचा. (वेल्श भाषेतला सुरुवातीचा ‘ल’ मात्र आपल्या जिभेला सहज साधणारा नाही. तो अर्धा वाऱ्यासारखा उच्चारतात. असो.)

संत तैलो हे सहाव्या शतकातील वेल्श बिशप. वेल्सचे आश्रयदाते संत डेव्हिड यांच्या बरोबरीचे. त्यांचा सण ९ फेब्रुवारीला येतो. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती बाराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रातून मिळते, म्हणजे मधे सहाशे वर्षे गेलेली. तेव्हा त्यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हे सावधपणे पाहावे लागते. एक आख्यायिका तर आपण येथे सांगायलाच हवी, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. तैलो मरण पावले तेव्हा तीन चर्चेसनी त्यांच्या देहावर हक्क सांगितला. एकात त्यांचे पूर्वज पुरलेले होते, दुसऱ्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला होता आणि तिसरे त्यांचे बिशपपीठ होते. वाद मिटेना म्हणून सर्वांनी रात्रभर प्रार्थना केली. सकाळी पाहतात तो एकाच्या जागी तीन देह, एकसारखे. प्रत्येक चर्चने आपापला संत उचलला आणि घरी नेला! गोष्ट ऐकून हसू येते. पण संत हा एका गावाची मालमत्ता होऊ शकत नाही, हे साध्या माणसांना समजेल अशा भाषेत याहून नेमके कोणी सांगितले असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता वास्तूकडे वळू. तिचा सर्वात जुना भाग, म्हणजे भाविकांचे दालन आणि वेदीची खोली, बाराव्या-तेराव्या शतकातला. पुढे मध्ययुगातच दक्षिणेला बाजूची ओवरी आणि दारापुढचा मंडप जोडला गेला. बांधकामात दिमाख असा काही नाही. शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी पेलावे इतकेच ते होते. जी श्रीमंती होती ती आतल्या भिंतींवर होती.

त्या काळी अशा चर्चमध्ये बाके नसत. माणसे उभी राहत, गुडघे टेकत. मिस्सा लॅटिनमध्ये आणि लोक वेल्श बोलणारे, बहुतेकांना अक्षरओळख नाही. मग त्यांना सुवार्ता कळायची कशी? येथे आपल्याला इ. स. ६०० च्या सुमाराला मागे जावे लागेल. फ्रान्समधील मार्सेय येथील बिशप सेरेनस यांनी, लोक चित्रांची पूजा करतील या भीतीने, चर्चमधील चित्रे फोडून टाकली. पोप ग्रेगरी द ग्रेट यांनी त्यांना पत्र लिहून समजावले की चित्रांची पूजा होऊ न देणे योग्यच. पण ती फोडणे चूक, कारण वाचता येणाऱ्याला जे ग्रंथातून मिळते ते निरक्षराला चित्रातून मिळते. पुढे इ. स. ७८७ मध्ये नायसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने आणखी एक पाऊल टाकले. चित्राला दिलेला मान चित्रापाशी थांबत नाही. ते ज्याचे आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो, अशी शिकवण तिने दिली. आज आपण क्रुसासमोर मस्तक नमवतो त्यामागचा विचार हाच.

लखरकाठच्या या चर्चच्या भिंतींवर हा विचार रंगांत उतरला होता. जुनी चित्रे साधारण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, नंतरची सोळाव्या शतकाच्या आरंभापर्यंतची. ब्रिटनमधील अशी भित्तिचित्रे बहुधा सुकलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढीत. रंगही आपल्या ओळखीचे. गेरू, पिवळी माती, कोळशाची काजळी, चुन्याचा पांढरा. प्रभूच्या दुःखसहनाचे एकामागून एक प्रसंग भिंतीवर होते. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट करताना आपण चौदा स्थानांपुढून चालतो, तसे ते लोक त्या चित्रांपुढे उभे राहत असतील. त्यातले एक चित्र विशेष आहे. येशूची विटंबना चालली आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर माणसे थुंकत आहेत. चित्रकाराने काही झाकलेले नाही. मार्कच्या शुभवर्तमानातील ते वाक्य आपण ऐकतो आणि पुढे जातो. भिंतीवर मात्र ते पुढे सरकत नाही. रविवारी आत आलेल्या माणसाला त्या चेहऱ्याकडे पाहावेच लागे.

दुसरे चित्र संत ख्रिस्तोफरचे. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड संत, उत्तरेकडच्या भिंतीवर. ब्रिटनमधील जुन्या चर्चेसमध्ये त्याला बहुधा दाराच्या समोरच काढीत. त्यामागे लोकांची एक समजूत होती. सकाळी ज्याने संत ख्रिस्तोफरचे दर्शन घेतले, त्याला त्या दिवशी पापक्षमेवाचून अवचित मरण येणार नाही. शेतावर निघालेल्या माणसाने उंबऱ्यातून नजर टाकली तरी पुरे. ही समजूत आहे, शिकवण नव्हे, हे सांगायला हवे. पण भरतीच्या नदीकाठी राहणाऱ्यांना पाण्यातून सुखरूप पार नेणारा संत किती जवळचा वाटला असेल, हेही ध्यानात घ्यावे. आपल्यातही अनेकांच्या रिक्षात आणि मोटारीत त्याचे पदक असते. ‘पोपनी ख्रिस्तोफरला संतांच्या यादीतून काढून टाकले’ असे काही जण सांगतात, ते खरे नाही. १९६९ मध्ये रोमन पंचांगाची फेररचना झाली तेव्हा त्याचा सण सर्व जगाच्या पंचांगातून काढून स्थानिक पातळीवर ठेवण्यात आला, इतकेच. याच चर्चमध्ये चित्र असलेल्या संत कॅथरिनचेही तेव्हा तसेच झाले होते. तिचा स्मरणदिन २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून परत आला.

१५३४ मध्ये राजा आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले. त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७-४८ च्या सुमारास चर्चमधील प्रतिमा काढून टाकण्याचे हुकूम निघाले. गावोगाव भिंतींवर चुना फासला गेला. मधे मेरी राणीच्या पाच वर्षांत जुनी उपासना परतली, पण ते टिकले नाही. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीच्या राजवटीत वेदीपुढच्या लाकडी पडद्यावरचे सज्जेही उतरवण्याचा आदेश आला. या पडद्यावर पूर्वी क्रुसावरचा प्रभू आणि दोन्ही बाजूंना पवित्र मरिया व योहान अशा मूर्ती असत.

येथे आपण घाईने निवाडा देऊ नये. चुना फासणारे सगळे देवाचे शत्रू नव्हते. देवाचे वचन लोकांच्या भाषेत पोहोचावे अशी त्यांच्यातल्या अनेकांची कळकळ होती. १५४९ चे नवे प्रार्थनापुस्तक इंग्रजीत आले, आणि ते वेल्श शेतकऱ्याला लॅटिनइतकेच परके होते. १५६७ मध्ये वेल्श भाषेत नवा करार आणि प्रार्थनापुस्तक निघाले, १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. वेल्श भाषा आज जिवंत आहे त्याचे मोठे श्रेय अभ्यासक त्या बायबलला देतात. चित्रे गेली आणि मातृभाषेतले वचन आले. आम्हाला विचाराल तर दोन्ही एकत्र नांदू शकली असती; आपल्या चर्चमध्ये ती आज नांदतातच. पण तो काळ तसा समंजस नव्हता.

गंमत पाहा. ज्या चुन्याने चित्रे लपवली त्यानेच ती राखली. उघडी राहिली असती तर दमट हवेने, मेणबत्त्यांच्या काजळीने आणि नव्या पिढ्यांच्या डागडुजीने ती कधीच पुसली गेली असती. थरावर थर चढत गेले आणि त्याखाली थुंकी झेलणारा तो चेहरा चारशेहून अधिक वर्षे तसाच राहिला.

मग माणसे का गेली? कोणी त्यांना हाकलले नाही. एकोणिसाव्या शतकात त्या भागात कोळसा आणि पत्र्याचे कारखाने वाढले, वस्ती पोंतारदुलाइसकडे सरकली. शतकाच्या मध्याला तेथे नवे चर्च बांधले, तेही संत तैलोच्याच नावाने. दलदलीतले जुने चर्च अधूनमधून उघडले जाई. शिवाय वेल्श लोकांची मने तोवर अँग्लिकन चर्चपासून दूर जाऊन स्वतंत्र पंथांच्या चॅपेलांकडे वळली होती. याच नदीवर, आणखी खाली लखर गावात, १९०४ मध्ये एव्हान रॉबर्ट्स नावाच्या खाणकाम केलेल्या तरुणाच्या प्रार्थनासभांतून वेल्समधले मोठे धार्मिक जागरण भडकले. आपल्या वाचकांना हे नाव परके असेल, पण त्याचे पडसाद आपल्या दारापर्यंत आले होते. वेल्सची बातमी ऐकून पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनागट सुरू केले आणि जून १९०५ मध्ये तेथेही तसेच जागरण झाले. लखरच्या काठावरची ठिणगी पुणे जिल्ह्यात येऊन पोहोचली, आणि त्याच नदीवर काही मैल वर असलेले तैलोचे चर्च मात्र बहुतेक रविवारी बंदच राहिले. आत्म्याचा वारा वाहतो तेव्हा तो जुन्या दारातूनच येईल असे सांगता येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वापर पूर्ण थांबला. छप्पर गेले, पाऊस आत आला, गिलावा सुटू लागला. १९८४ मध्ये वास्तू वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवण्यात आली. राजधानी कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथे १९४८ पासून एक खुले संग्रहालय आहे. देशभरातून मोडकळीला आलेली घरे, दुकाने, शाळा, चॅपेले उचलून आणून तेथे पुन्हा उभी करतात. या चर्चच्या भिंती उतरवायच्या आधी चुन्याचे थर अलगद काढले तेव्हा आतली चित्रे उजेडात आली. ती भिंतीवरून सोडवून जतन करण्यात आली. दगड उतरवले, वाहून नेले, पुन्हा रचले. काम वीस वर्षांहून अधिक चालले. ऑक्टोबर २००७ मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप डॉ. रोवन विल्यम्स यांच्या हस्ते ते खुले झाले. ते मूळचे स्वान्झीचेच.

संग्रहालयाने एक मोठा निर्णय घेतला, आणि त्यावर थोडे थांबायला हवे. चर्च १९८४ चे दाखवायचे की आणखी कुठल्या काळातले? त्यांनी १५३० च्या सुमाराचे रूप निवडले, म्हणजे रोमशी फारकत होण्याच्या अगदी तोंडावरचे. भिंतींवर चित्रे नव्याने रंगवली, कोरीव पडदा आणि सज्जा नव्याने घडवला, सारे जुन्या पद्धतीने. पाहणारा प्रथम दचकतो, कारण जुने चर्च म्हणजे पांढऱ्या भिंती आणि उघडा दगड अशी आपली कल्पना असते. येथे लाल, पिवळे, हिरवे झगझगीत रंग. मध्ययुग खरे तसे होते. कॅथलिक म्हणून आम्हाला हे पाहून आनंद होतो हे लपवत नाही. पण १५३० नंतर चारशे वर्षे याच भिंतींच्या आत वेल्श शेतकऱ्यांनी आपल्या भाषेत प्रार्थना केल्या, मुलांचे बाप्तिस्मे केले, आईबापांना निरोप दिला. त्यांच्या काळाची खूण या नव्या रूपात राहिली नाही. कुठलेही एक वर्ष निवडले की बाकीच्या वर्षांवर पुन्हा एकदा चुनाच फासला जातो. त्याला संग्रहालयाचा इलाज नव्हता, आणि निवड आमच्या मते योग्यच झाली, कारण अशी रंगीत चर्चे ब्रिटनमध्ये फार थोडी उरली आहेत. तरी किंमत मोजली गेली हे विसरू नये.

आणि मग आपला मूळ प्रश्न. हे आज चर्च आहे का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला थिसियसच्या जहाजाचे कोडे घालत. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर शेवटी ते तेच जहाज राहते का? येथे कोडे उलटे आहे. दगड तेच आहेत, पण नदी नाही, दलदल नाही, गाव नाही. संत थॉमस अक्वायनसच्या परिभाषेत बोलायचे तर द्रव्य तेच आहे, पण ज्याने त्या द्रव्याला चर्चचे रूप दिले ते काय होते? रचना? तसे असेल तर रूपही परत आले आहे. उपासना? मग ते आलेले नाही. आपला धर्मविधीचा कायदा (कलम १२१२) सांगतो की पवित्र स्थान बव्हंशी उद्ध्वस्त झाले किंवा कायमचे लौकिक वापरासाठी दिले गेले, तर त्याचे पावित्र्यार्पण संपते. अँग्लिकन वास्तूला हा कायदा लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून तो उपयोगी आहे. त्या मोजपट्टीने उत्तर सरळ येते : नाही.

पण २००९ ते २०१३ या काळात तेथे एक वेगळा प्रयोग झाला. बँगर विद्यापीठाच्या पुढाकाराने अभ्यासकांनी मध्ययुगातील ‘सेरम’ पद्धतीची मिस्सा या वास्तूत करून पाहिली. त्या काळासारखी वस्त्रे शिवली, त्या काळासारखा छोटा ऑर्गन बांधला. ग्रंथात वाचून जे कळत नाही ते शरीराने केल्यावर कळते का, हे त्यांना पाहायचे होते. पडद्यापलीकडे धर्मगुरू हलक्या आवाजात प्रार्थना म्हणतात, अलीकडे लोकांना शब्द नीट ऐकू येत नाहीत. पण घंटा वाजते, भाकर उंचावली जाते आणि सगळ्यांची नजर एका जागी जाते. अभ्यासकांनी या प्रयोगांना मिस्सा म्हटले नाही, विधीचे सादरीकरण म्हटले, आणि ते प्रामाणिकपणाचे होते. संस्कार घडण्यासाठी शब्द आणि कृती बरोबर असून भागत नाही. ख्रिस्तसभा जे करते ते करण्याचा हेतू असावा लागतो, ही ट्रेंट धर्मपरिषदेची शिकवण आपल्याला माहीत आहे. तेथे सगळे होते. वेदी होती, वस्त्रे होती, धूप होता, नेमके शब्द होते. फक्त तो हेतू नव्हता. आपल्याकडे दर रविवारी याच्या उलट घडू शकते. संस्कार खरा असतो आणि आपले मन कुठे तरी दुसरीकडे असते. दोन्हींतली कुठली स्थिती अधिक वाईट, याचा निवाडा आम्ही करणार नाही. पण रविवारी उंचावलेल्या भाकरीकडे पाहताना वेल्समधले ते सादरीकरण आम्हाला कधी कधी आठवते.

आज संत तैलोचे हे चर्च तीन ठिकाणी आहे असे म्हणता येईल. नदीकाठी जुनी स्मशानभूमी आहे, जवळून मोटारींचा महामार्ग जातो आणि भरतीचे पाणी अजूनही चढते. पोंतारदुलाइसमध्ये माणसांमागून गेलेले चर्च आहे. आणि सेंट फॅगन्सला दगड आहेत, रंग आहेत आणि थुंकी झेलणारा ख्रिस्त. तिन्ही गावांनी एकेक देह उचलून नेला त्या आख्यायिकेची येथे आठवण होते.

लघु ख्रिस्ती समूहांच्या पुढील बैठकीत यावर चर्चा करावी अशी विनंती आहे. आपल्या चर्चमधील जुन्या वेदीचे, मूर्तींचे, भिंतीवरच्या चित्रांचे फोटो वयस्कर मंडळींकडे असतील तर त्यांनी ते जरूर आणावेत. प्रश्न एकच घ्यावा : शंभर वर्षांनी कोणी आपले चर्च एखाद्या वर्षाच्या रूपात जपायचे ठरवले, तर आपण कुठले वर्ष सुचवू, आणि त्या निवडीत आपल्यापैकी कोणाकोणावर चुना फासला जाईल?